चुकलेली नोंद

आयुष्य बँकेत ताळेबंद जुळविण्यात गेले. त्यामुळे असेल, चूक दिसली की ती कोणाची हे आधी ठरवायचे, ही सवय माझ्या हाडीमाशी खिळली होती. नातू नऊ वर्षांचा. तोंडी हिशेब अचूक. वहीत मात्र उदाहरण अर्धवट. डबा, कंपासपेटी रोज शाळेत विसरायची. दुकानात गल्ल्याजवळ पाच मिनिटे स्थिर बसायचे नाही. मी त्याला चारचौघांत 'बेपर्वा' म्हणत असे. एकदा हातही उगारला.

शाळेच्या सूचनेवरून सूनबाई त्याला बालमनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. मीही गेलो, ते आक्षेप घेण्यासाठीच. रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही; मग निदान कसले? डॉक्टरांनी शांतपणे समजावले. अवधानाच्या अभावाची नऊ आणि अतिचंचलतेची नऊ लक्षणे असतात. मुलांमध्ये एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसणारी असावी लागतात. तरच एडीएचडी म्हणायचे. पालकांनी व शिक्षकांनी स्वतंत्र प्रश्नावल्या भरल्या. दृष्टी, श्रवण, झोप, वाचन-लेखन, सारे पाहिले गेले. ही पडताळणी कर्जमंजुरीपेक्षा कडक होती!

"कुटुंबात आणखी कोणी असे होते का?" डॉक्टरांनी विचारले. मी गप्प झालो. हा विकार पुष्कळदा घराण्यात उतरतो म्हणे. धाकटा भाऊ आठवला. खातेवहीत आकडे चुकवतो म्हणून वडिलांनी त्याला पेढीवरून उठविले. तो पुन्हा कधी बसला नाही. आज तो हयात नाही. त्याला काय होते, हे आम्ही कोणी विचारलेच नव्हते.

मिथिलफेनिडेट सुरू झाले. त्याने विकार मुळासकट जात नाही, मन मात्र टिकते. भूक मंदावते, म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब वेळोवेळी पाहतात. औषधाचा प्रभाव ओसरून भूक परतते ती दिवस मावळल्यावर. जन्मभर चोविहार पाळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी स्वतः त्याला रात्री आठला दूध-पोळी वाढली. मी काही बोललो नाही.

औषधाइतकेच महत्त्व घरच्या वळणाला. काम लहान तुकड्यांत द्यायचे, कौतुक तत्काळ करायचे, आठवणी लिहून लावायच्या. परवा तो पुन्हा डबा विसरला. राग आलाच, पण दाराजवळच्या फळ्यावर मी फक्त एक ओळ वाढविली.