गिलाव्याखालची भिंत

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गावच्या घरातील माजघराच्या मागच्या भिंतीचा गिलावा मी स्वतःच्या हातांनी फोडून काढला. पावसाळ्यापूर्वी गवंडी मिळेना, हे लोकांना सांगायचे कारण. खरे कारण असे, की तो सिमेंटचा गिलावा वडिलांनी 1986 साली घातला होता; त्यावर परक्याने घाव घालावेत, हे मनाला पटत नव्हते.

घर जांभ्याचे, मूळ गिलावा चुन्याचा. जमिनीतली ओल भिंतीत चढते. सच्छिद्र चुना तिला बाहेर पडायला वाट देतो. सिमेंटने ती वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, क्षार साठतात, लोणा लागतो, पोपडे सुटतात. वडिलांना हे ठाऊक नव्हते. त्यांच्या पिढीला सिमेंट म्हणजे कायमची मजबुती वाटे. शेवटची काही वर्षे त्या फुगलेल्या भिंतीकडे बघणेच त्यांनी टाळले.

वर्गात पाठचिकित्सा शिकवताना मी एकनाथांचा दाखला देतो. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून शके 1506 मध्ये त्यांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नंतरचे थर काढले की मूळ संहिता अक्षत हाती येते, अशी सोपी समजूत त्यावरून विद्यार्थी करून घेतात. खरे तर माझीही तीच होती.

सिमेंटची पहिली मोठी खपली निघाली, तेव्हा खालच्या चुन्यावर ओळीने खाचा दिसल्या. नवा गिलावा धरून राहावा म्हणून छिन्नीने मारलेल्या. मी चरफडलो. आई दारात उभी होती. म्हणाली, ‘‘त्या तुझ्या बाबांनी मारल्यात. गवंड्याच्या हाती छिन्नी देईनात. दोन दिवस हात सुजला होता.’’

मी हातोडा खाली ठेवला. ज्या मूळ भिंतीसाठी हा खटाटोप मांडला होता, तिच्यावरही वडिलांचा हात फिरलेला होता. आणि परक्या हाताविषयीचा माझा संकोचही माझा एकट्याचा नव्हता.

सैल झालेला चुना काढून टाकला. पावसाळाभर भिंत उघडीच ठेवली आणि दिवाळीनंतर नवा चुना चढवला. खाचा बुजवल्या नाहीत. त्यांच्याच आधाराने तो भिंतीवर बसला.

वर्गात ‘मूळ पाठ’ हे शब्द मी अजूनही वापरतो; मात्र उच्चारण्यापूर्वी किंचित थांबतो.