आकडा कुठून आला?

मिरजेत गॅस ॲनालायझर दुरुस्त करणाऱ्याला दोन प्रकारची गिऱ्हाइकं मिळतात. एक दवाखाने. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून गावाची ती ओळख. कोविडनंतर हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्लांटही आले. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या. दोन्हीकडे ऑक्सिजनच मोजायचा. प्लांटच्या नळीत तो ९३ टक्क्यांच्या आसपास हवा, बॉयलरच्या धुरात चार-पाच टक्के.

फोन मात्र एकाच छापाचा येतो. "साहेब, मीटर कायबी दाखवाय लागलंय."

मीटर सहसा खोटं बोलत नाही. जो गॅस त्याच्यापर्यंत पोचला, त्याचा हिशेब तो चोख देतो. तो गॅस चिमणीतलाच आहे का, हे कळायला त्याच्याकडे मार्ग नसतो. धुरात खरोखर चार टक्के ऑक्सिजन आहे आणि सैल फेरूलमधून नमुन्यात दहावा हिस्सा बाहेरची हवा शिरली, तर पडद्यावर ५.७ उमटतं. ते बघून अटेंडंट हवा कमी करतो, बगॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून कार्ड बदलण्याआधी मी गॅसच्या वाटेनं उलटा चालत जातो: सेल, फिल्टर, कूलर, पंप, नळी, प्रोब.

गळती शोधायला नवी पोरं साबणाचं पाणी लावतात. पंपाच्या पुढं ते चालतं. पंपाच्या अलीकडं नळी हवा आत ओढते, फुगा येणार कुठून? तिथं प्रोबजवळ नळी बंद करायची आणि प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरकडं बघायचं. त्यातली गोळी तळाला बसली नाही, तर हवा कुठून तरी शिरतेय. बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं, त्यामुळं कूलर थकला की ओल थेट सेलपर्यंत जाते. झिर्कोनियाचा सेल सुमारे ७०० अंशांवर तापलेला असतो. दोन्ही बाजूंना स्वच्छ हवा दिली की त्यानं शून्याच्या आसपास मिलिव्होल्ट द्यावेत. दिले, तर सेलला बहुधा दोष नाही, वाट तपासायची.

पण नट सैल करण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो: या नळीत आत्ता काय आहे? कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. डिस्टिलरीच्या बायोगॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडला आहे, पण शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला, असं समजणारा माणूस तिथंच पडतो. कॅलिब्रेशनचा नायट्रोजन तर निरुपद्रवीच वाटतो. बंद केबिनमध्ये तो साचला आणि ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला, तर डोकं आधी सुस्तावतं, त्यामुळं बाहेर पडायचं सुचतच नाही. म्हणून व्हेंट बाहेर, दार उघडं, कॉलरला तपासलेला डिटेक्टर, हातात परमिट आणि दाराशी दुसरा माणूस.

दवाखान्यात हेच उलटं. तिथं विषारी काही नाही, पण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये आग लागायला तेलाचा डागही पुरतो. कारखान्यातला पाना तिथं चालत नाही, ग्रीस तर नाहीच. आणि प्लांटला हात लावण्याआधी वॉर्डाला कळवून सिलिंडरच्या मॅनिफोल्डवर पुरवठा वळवावा लागतो.

या धंद्यातला दुरुस्तीचा सगळ्यात घातक प्रकार अगदी स्वच्छ हातांनी होतो. हवा तो आकडा येईपर्यंत स्पॅन, म्हणजे मीटरची जुळणी, फिरवायचा. साखर आणि डिस्टिलरीसह १७ प्रकारच्या उद्योगांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ साली ऑनलाइन मोजणी बसवायला सांगितली, तेव्हापासून तो मोह वाढला आहे. आकडा जुळतो, गळती तशीच राहते, आणि मीटर पहिल्यांदाच खरोखर खोटं बोलू लागतं. तेव्हा आकडा सुधारला म्हणून मी सही करत नाही. तो का बिघडला होता, हे लॉगबुकात एका ओळीत लिहिता आलं, तरच करतो.