कितीला पडली?

दसरा आणि पाडवा हे आमच्या गल्लीत नव्या गाड्यांचे दिवस. गाडी दारात येते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, आरशाला झेंडूचा हार लागतो, पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडले जाते. मग पेढा तोंडात टाकता टाकता प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, “कितीला पडली?” या प्रश्नातला ‘पडली’ हा शब्द मला फार गमतीचा वाटतो. किंमत म्हणजे जणू झाडावरचा नारळ. एकदा पडला की पडला, पुन्हा त्याच झाडाखाली डोके सांभाळायला नको! मोटारीचे तसे नाही. ती एकदा पडून थांबत नाही, पडतच राहते. आणि गाडी जितकी थोर, तितका तिच्या पडण्याचा आवाज मोठा.

हे ज्ञान मला माझ्या मामाच्या दारात झाले. मी शाळामास्तर. माझ्या दाराशी आजवर दुचाकीपलीकडे वाहन उभे राहिलेले नाही. कादंबऱ्यांतून मात्र मी पात्रांना हव्या तितक्या आलिशान मोटारी वाटल्या आहेत, आणि तीनशे पाने धावूनही त्यांतल्या एकीलाही कधी तेल बदलावे लागलेले नाही. कादंबरीतली गाडी हवेवर चालते. मामाची गाडीही एका अर्थी हवेवरच होती. ते पुढे येईलच.

मामा इचलकरंजीला एका सूतव्यापाऱ्याकडे बावीस वर्षे ड्रायव्हर होता. पूर्वी असल्या परदेशी गाड्या संस्थानिकांच्या नाहीतर सिनेनटांच्या असत. १९९५ साली पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीझची जोडणी सुरू झाली, मागाहून इतर जर्मन कंपन्याही आल्या, आणि हळूहळू आमच्याकडच्या व्यापाऱ्यांच्या दारातही त्या दिसू लागल्या. मामाच्या साहेबांनी २०१० साली अशी एक काळी गाडी घेतली, जवळजवळ पन्नास लाखांना. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. तिचे काही चुकले आहे असेही मला वाटत नाही. २०२१ साली मामा निवृत्त झाला, तेव्हा साहेबांनी सर्वांसमक्ष गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. “अकरा वर्षं तूच सांभाळलीस, आता तुझीच,” असे ते म्हणाले. मामा रडला. सांगताना आजही त्याचा आवाज घोगरा होतो.

साहेबांच्या मनात माया होती याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्याच सुमारास एका जुन्या गाड्यांच्या दलालाने त्या गाडीचे पाच लाख सांगितले होते, हेही मला मागाहून कळले. पन्नासाचे पाच! म्हणजे अकरा वर्षे दरसाल चार लाखांहून अधिक रुपये त्या गाडीतून नुसते गळून गेले, आणि ते काही पेट्रोलच्या टाकीला भोक पडून नव्हे. विम्याच्या कोष्टकात नवी गाडी वर्षभरात पंधरा टक्क्यांनी उतरते आणि पाच वर्षांत निम्मी होते. कोष्टक सगळ्यांना एकच. पण सहा लाखांच्या गाडीचे तीन जातात आणि पन्नास लाखांच्या गाडीचे पंचवीस. पुढे बाजार तर कोष्टकाहूनही निष्ठुर होतो. कारण जुनी थोर गाडी घ्यायला येणारा गाडीची किंमत मोजत नाही, तो तिला घरी नेल्यावरचा खर्च मोजतो आणि तेवढा आधीच कापून घेतो. मेलेला हत्ती सव्वा लाखाचा, असे आपण म्हणतो. येथे उलटे. हत्ती जिवंत असताना स्वस्त होतो, आणि वैरण मात्र पहिल्याच भावाने मागतो.

मामीला हे कोष्टकाशिवाय समजले होते. “फुकट मिळालं म्हणून हत्ती दारात बांधायचा व्हय?” पहिल्याच दिवशी ती म्हणाली. मामाने ऐकले नाही. त्याला वाटले, या गाडीचा कण न् कण आपल्याला ठाऊक आहे. आणि ते खरेच होते. कोणत्या वळणावर ती किती झुकते, पावसाळ्यात कुठली काच अडते, सारे त्याला तोंडपाठ. ठाऊक नव्हते ते एकच. बावीस वर्षांत त्याने एकही बिल पाहिले नव्हते. बिले परस्पर पेढीवर जात.

माझे अक्षर बरे म्हणून त्याने हिशेबाची वही माझ्याकडे दिली. “मास्तर, तू लिहीत जा,” म्हणाला. पहिली नोंद विम्याची. नुसता तिऱ्हाइताचा विमा घेतला तर मोठ्या इंजिनाच्या गाडीला तेव्हा वर्षाला जवळजवळ ७,९०० रुपये पडत आणि वर कर. हे मामाला जड वाटले. पुढे ध्यानात आले की साऱ्या वहीत हीच नोंद सर्वांत गरीब होती. मग बॅटरी गेली. नवी २४ हजारांची, आणि ती बसवल्यावर गाडीच्या संगणकाला तशी वर्दी द्यावी लागते, त्याचे निराळे. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तो जन्मला ते सांगणारे. मामाच्या टायरांची नक्षी शाबूत होती, पण वय झाले होते. रबर न धावताही म्हातारे होते. चार टायर, ६२ हजार. दर वेळचे तेलपाणी १८ हजार. लहान गाडीला तीनसाडेतीन लिटर तेल पुरते, ही आठ लिटर पिई. एका पावसाळ्यात उंदराने आतल्या तारा कुरतडल्या. गणपतीच्या वाहनाने मामाचे वाहन खावे, याला काय म्हणावे? साडेसोळा हजार.

आणि मग ती हवा. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर चार रबरी फुगे, आणि त्यांत हवा भरणारा एक छोटा पंप. म्हणून तर खड्डा आला तरी साहेबांच्या हातातला चहा हिंदकळत नसे! पण रबराला वयाने चिरा पडतात. रात्रभर हवा गळते आणि सकाळी गाडी डबक्यातल्या म्हशीसारखी बसलेली आढळते. किल्ली फिरवली की पंप धापा टाकत तिला उठवतो. गळती वाढली की त्याच्या धापा वाढतात, आणि शेवटी तोही जळतो. २०२३ च्या जुलैत असेच झाले. पुढचे दोन फुगे आणि पंप मिळून १ लाख ४८ हजार. नवी मोटारसायकल येईल एवढ्या पैशांत मामा हवा विकत घेणार होता.

येथे मला गोम कळली. गाडी पन्नासाची पाच लाखांवर आली होती, पण तिचा फुगा काही दहा टक्क्यांवर आला नव्हता. सुटा भाग कधी जुना होत नाही. तो अजून पन्नास लाखांच्याच गाडीचा असतो. एखाद्या सरदाराचा पडका वाडा कवडीमोलाने घ्यावा आणि त्याच्या मोडक्या तुळईला सागवान मात्र आजच्या भावाने आणावे, तसे. एका मेकॅनिकने कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून वापरलेले फुगे आणू, असे सुचवले. दुसऱ्याने साध्या लोखंडी स्प्रिंगा बसवून देतो म्हटले. मामाचा चेहरा असा झाला, की जणू कोणी आईला लाकडी पाय बसवा म्हणत आहे.

त्याच महिन्यात माझ्या मामेबहिणीची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची, ८५ हजारांची फी भरायची होती. मामाने ग्रॅच्युइटीची ठेव मोडली आणि फुगे आणले. फी मामीच्या भिशीतून गेली. आठ दिवस मामी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ती इतकेच, “आता तिला उठवलीस, तर देवळापर्यंत तरी ने.” गेले दोघे. लिटरला सात किलोमीटर!

२०२५ साली गाडीला पंधरा वर्षे झाली. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते. पूर्वी त्याला ६०० रुपये पडत, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. शिवाय तपासणी आणि पर्यावरण कर. मामाने मला वही बेरजेला बसवले. चार वर्षांत ती जेमतेम ६,००० किलोमीटर धावली होती, आणि पेट्रोल धरून खर्च ४ लाख ३१ हजार. किलोमीटरला जवळजवळ ७२ रुपये. फुकटच्या गाडीचे! मी आकडा दोनदा तपासला. मामा म्हणाला, “तिसऱ्यांदा नको.” (टायर आणि बॅटरीवरचा कर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला. मामाची सारी खरेदी त्याच्या आधीची.)

आकड्याने तो विकायला तयार झाला असता असे मला वाटत नाही. दिलेली वस्तू विकायची कशी, हा त्याचा प्रश्न होता. म्हणून श्रावणातल्या एका सोमवारी तो साहेबांची परवानगी मागायला गेला. इस्त्रीचे कपडे घातले होते. मी सोबत होतो. साहेब थकले होते, पण त्यांनी त्याला लगेच ओळखले, चहा मागवला. मामाने अडखळत विषय काढला. साहेब आश्चर्याने त्याच्याकडे पाहू लागले.

“अरे, अजून आहे ती तुझ्याकडे?” ते म्हणाले. “मला वाटलं, तू तेव्हाच विकलीस.”

परतीच्या वाटेवर मामा काही बोलला नाही. स्टँडवर आल्यावर त्याने दोन ऊसाचे रस सांगितले आणि माझा ग्लास संपण्याआधी स्वतःचा संपवला. मग म्हणाला, “चार वर्षं मी त्यांचा मान सांभाळत होतो, मास्तर. त्यांना पत्ताच नव्हता.” त्या आवाजात राग होता की सुटका, मला ओळखता आले नाही.

सातारच्या एका तरुणाने ती पावणेतीन लाखांना घेतली. त्याचे स्वतःचे छोटे गॅरेज आहे, त्यामुळे निम्मा खर्च त्याच्या घामातूनच निघेल. पैसे मोजून झाले तेव्हा मामीने त्यातले ८५ हजार वेगळे काढून पदराखाली धरले. मुलगा घाईत होता, त्याला दिवस असताना घाट ओलांडायचा होता. मामा खिडकीशी वाकला.

“सकाळी किल्ली फिरवलीस की लगेच हलवायची नाही,” तो सांगू लागला. “मागच्या फुग्यांचं वय झालंय. अर्धं मिनिट थांबायचं. आधी मागनं उठते, मग पुढनं. पूर्ण उठली, की मग निघायचं.”