मुनिरक्यातलं पुरण

गूळ आणायला मी विसरलो.

नववीची वार्षिक परीक्षा चालू असताना आजीने फोनवर एकच काम सांगितलं होतं. "येताना साताऱ्यातनं दोन किलो गूळ आण. इथला गूळ मला कळत नाही." शेवटचा पेपर, स्टोअरमध्ये सामान जमा करणं, ट्रंक बांधणं या गडबडीत ते डोक्यातून गेलं. आठवलं तेव्हा गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनला पोचत आली होती. घरी गेल्यावर आजीने माझ्या तोंडाकडे बघण्याआधी पिशवीकडे बघितलं. "इसारलास व्हय," एवढंच म्हणाली. मला पनिशमेंट परेड परवडली असती.

बाबा गेली दीड वर्षं फील्डवर आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये आजीला अर्धांगाचा झटका आला. तिचे उपचार धौला कुआँजवळच्या आर. आर. हॉस्पिटलमध्ये चालू आहेत, म्हणून आईने मुनिरक्यात भाड्याने घर घेतलं. मुनिरका हे मूळचं टोकस जाटांचं गाव. आता शेत कुठेच नाही, चार-पाच मजली घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत आणि खालच्या गल्लीत दुपारीही दिवा लावावा लागतो. शेजारच्या जेएनयूत शिकणारी मुलं, मणिपूर-मिझोरामकडची कुटुंबं, बिहारचे दुकानदार आणि चौथ्या मजल्यावर आम्ही. आजीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे चार जिने खुर्चीतून उतरवायचं. तिचं बोलणं साफ आहे, पायही हळूहळू टाकते. उजवा हात मात्र मिटलेलाच राहिला आहे. फिजिओथेरपीवाले त्या मुठीत रबराचा चेंडू देतात आणि आजी त्याच्याकडे रागाने बघत बसते.

२४ मार्च २०२४ ला होळी होती, रविवारी. बाबांच्या युनिटमधले एक हवालदार काका सुट्टी संपवून त्या रात्रीच्या गाडीने परत चालले होते. साडेसातला ते घरी येऊन जातो म्हणाले. त्यांच्याबरोबर बाबांना पोळ्या पाठवायच्या असं आजीने ठरवून टाकलं. प्रवास, पुढे ट्रान्झिट कॅम्प, मग गाडी मिळेल तेव्हा वर. म्हणजे पोळी निदान चार दिवस टिकली पाहिजे.

तेव्हा एक गोष्ट बाहेर आली. आईला पुरण येत नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आमच्या घरी पुरण आजीचं आणि लाटणं आईचं अशी वाटणी होती. आईची पोळी तव्यावर टाकताना कधी फाटत नाही, पण डाळ किती, गूळ किती, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. आजीही कधी मोजत नव्हती. तिचं माप मुठीचं. डाळीच्या जेवढ्या मुठी, गुळाच्या तेवढ्याच, वर हातात येईल तेवढा चुरा. आणि ती मूठ तर आता उघडत नव्हती.

"डाव्या हाताने दाखव ना," मी म्हणालो. आजी माझ्यावर उखडली. नैवेद्याला डावा हात? मग तिने आम्हा तिघांचे हात मागवून घेतले. माझा पंजा मोठा निघाला, बहिणीचा अगदीच लहान. शेवटी आईची मूठ आजीच्या मिटलेल्या मुठीशेजारी धरून तिने ती पास केली. मी खाली किराणावाल्याकडे जाऊन आईच्या आठ मुठी डाळ काट्यावर ठेवली आणि वजन वहीत लिहून घेतलं. तो हसला. मीही हसलो असतो, पण गुळाची चूक माझी होती.

त्याच्याकडचा गूळ मुजफ्फरनगरचा होता, पिवळसर आणि बोटाला चिकटणारा. आमच्याकडच्या ढेपेसारखा खणकन फुटत नव्हता. आजीने एक खडा जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "ह्याला पाणी सुटंल." मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

हरभऱ्याची डाळ सकाळीच भिजत घातली होती. कुकरमधून काढली तर दाणे अजून टणक. आमच्या घरात बोअरचं जड पाणी येतं, त्यात डाळ लवकर शिजत नाही. पुन्हा शिट्ट्या झाल्या. मग चाळणीवर ओतून येळवणी काढायची. ते पाणी आमटीला लागतं आणि पुरणाला अजिबात नको असतं. मी घाईत डाळ नीट निथळू दिली नाही, त्यावर तो ओला गूळ घातला आणि गॅस पेटवला. पाच मिनिटांत पातेल्यात पुरणाऐवजी खीर दिसायला लागली. अडीच वाजले होते.

आजी स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ओरडली नाही. "आता आटव. तळ सोडू नकोस. पळी उभी ऱ्हायली की झालं."

आपल्याकडे दोर चढताना हात भरून येतात, त्याची मला सवय आहे. पण पुरण ढवळणं हे वेगळंच प्रकरण आहे. दोर निदान अंगावर उडत नाही. पुरण घट्ट होऊ लागलं की बुडबुडा फुटतो आणि मनगटावर चटका बसतो. गॅस मोठा केला तर तळाला लागतं, बारीक केला तर संपत नाही. मी दर दहा मिनिटांनी पळी उभी करून बघत होतो आणि ती दर वेळी आडवी पडत होती. मध्ये घरमालकीणबाई गुजिया घेऊन वर आल्या. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "फौजी के छोरे, के बणावै सै?" डाळीची गोड रोटी, असं मी हिंदीत समजावलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

चार वाजून गेले आणि पळी उभी राहिली. आजीने मान हलवली. मग आईने वरून जायफळ आणि वेलदोडा घातला. पुरण गरम आहे तोवरच पुरणयंत्रातून काढावं लागतं, गार झालं की दगड होतो. बारीक भोकांची चकती सारखी तुंबत होती. घड्याळ बघून मी शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याला गुपचूप मोठ्या भोकांची चकती लावली. हे मी आजीला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

आईने बावीस पोळ्या लाटल्या. त्यातल्या दहा प्रवासाच्या, आकाराने लहान, तूप न लावता जास्त भाजलेल्या. आजीने त्या धोतरावर एकेक सुट्या पसरायला लावल्या, कारण वाफ राहिली की पोळी आंबते. डबा भरण्याआधी तिने डाव्या हाताची पाठ प्रत्येक पोळीला लावून बघितली. नैवेद्याआधी चाखायचं नाही, हा घरचा नियम. त्यामुळे कशी झाली आहे हे कुणालाच माहीत नसताना डबा हवालदार काकांच्या पिशवीत गेला. तेही फक्त चहा पिऊन निघाले.

यंदा भद्रेमुळे मुनिरक्यातली होळी रात्री अकरानंतर पेटली. मी ताट घेऊन खाली गेलो. तिथे बायका होळीला सूत गुंडाळत होत्या, शेणाच्या गोवऱ्यांच्या माळा ज्वाळेत पडत होत्या. मी नैवेद्य दाखवला आणि सवयीने तोंडावर हात मारून बोंब ठोकली. दुसरं कुणीच बोंबलं नाही. सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. वर आलो तर आजी जागीच होती. "ऐकू आली," म्हणाली.

मग आम्ही जेवलो. पुरण चांगलं झालं होतं, पण प्रत्येक तिसऱ्या घासाला डाळ दाताखाली येत होती. आजी सावकाश खात होती, बोलली काहीच नाही. माझ्या डोळ्यासमोर रेल्वेत चाललेला डबा होता.

गुरुवारी रात्री बाबांचा फोन लागला. आवाज तुटत होता. डबा आदल्या दिवशी पोचला होता, आठ पोळ्या वाटल्या आणि दोन त्यांनी खाल्ल्या. "पुरणात डाळ लागत होती. कुणी केलं?"

मी उत्तर देण्याआधी आजी मागून मोठ्याने म्हणाली, "आंबलं नव्हतं न्हवं?"

"नाही आई, अजिबात नाही."

"मग झालं तर," म्हणून तिने चेंडू उचलून मिटलेल्या मुठीत सरकवला आणि मला पुरणयंत्राच्या दोन्ही चकत्या आणायला सांगितलं.

वहीतलं वजन मी आईच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत नेण्याच्या सामानाची यादीही आत्ताच लिहून ट्रंकेत ठेवली आहे. तिच्यात पहिली ओळ गुळाची आहे.