पाच वर्षांचं पासिंग

गॅरेजात 'फिटनेस' हा शब्द कुणी उच्चारत नाही. तो कागदावर. बोलायचं ते 'पासिंग'. गाडी पासिंगला लावली, पासिंग झालं, हॉर्नसाठी पासिंग अडकलं. शब्द परीक्षेचा आणि अभ्यासही परीक्षेसारखाच, आदल्या आठवड्यात. मी लालबागमध्ये पस्तीस वर्षं प्रीमियर पद्मिनीचं काम करतोय. त्यातली निम्मी कमाई या आदल्या आठवड्याची.

पद्मिनी म्हणजे मूळची फिएट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून ती 'फिएट ११०० डिलाइट' म्हणून निघायची. 'पद्मिनी' हे बारसं सत्तरच्या दशकातलं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. एवढ्या साध्या गाडीत बिघडण्यासारखं काय असतं, असं लोकांना वाटतं. बिघडायचं तेवढं बिघडतंच. फक्त ते हातानं आणि कानानं सापडतं, एवढाच फरक.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी. जुन्या टॅक्सीला मात्र दर वर्षी. त्यामुळे काळी-पिवळीच्या जमान्यात आमच्या गल्लीत बारमाही परीक्षांचा हंगाम असायचा. माझ्या पोटमाळ्यावर तेव्हा चार टायर ठेवलेले असत, नक्षी शाबूत असलेले. त्यांचं नावच 'पासिंगचे टायर'. सकाळी टॅक्सीचे गुळगुळीत टायर उतरवायचे, हे चढवायचे, दुपारी गाडी पास होऊन आली की पुन्हा उलटापालट. त्या चार टायरांनी जेवढ्या परीक्षा दिल्या तेवढ्या कुठल्या गाडीनं दिल्या नसतील. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा धंदा वाटायचा.

तपासणी कशी होते ते ज्यानं पाहिलं नाही त्याला ती फार मोठी गोष्ट वाटते. आरटीओचे साहेब गाडीभोवती एक फेरी मारतात. इंजिन नंबर, चेसिस नंबर कागदाशी ताडून बघतात. अप्पर-डिप्पर, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, आरसा, नंबरप्लेट. टॅक्सीला सीएनजीची टाकी असेल तर हायड्रो टेस्टची तारीख, कारण ती दर तीन वर्षांनी करावी लागते. मग गाडी थोडी पळवून ब्रेक. न्यायालयाच्या आदेशानंतर टॅक्सी-ट्रकसारख्या गाड्यांसाठी २५० मीटरचा ट्रॅक आला, ती खरी सुधारणा. त्याआधी ब्रेक किती जागेत बघितला जायचा ते न बोललेलं बरं. तरी २५० मीटरमध्ये ब्रेक लागतो की नाही एवढंच कळतं. ब्रेक तापल्यावर काय करतो, ते कळत नाही. हे वाक्य मला फार महागात पडून शिकायला मिळालं आहे, त्याकडे येतोच.

धुराचं थोडक्यात सांगतो. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, दोन आणि तीनवाल्यांना अर्धाच टक्का. म्हणजे पद्मिनीला सवलत भरपूर. तरी ती नापास होते, कारण मालक घरातून काढून, चोक ओढून, थंड गाडी थेट मशीनसमोर उभी करतो. मी सांगतो, आधी वरळीपर्यंत फिरवून आणा, इंजिन तापू द्या, मग नळी लावा. ही काही लबाडी नाही. तापल्याशिवाय माणूससुद्धा नीट बोलत नाही.

लबाडी होते ती खालच्या बाजूला. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, पत्रा हाच सांगाडा. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दोन्ही मिळून दाराखालच्या पट्ट्या आणि फ्लोअर आतून खातात. बाहेर रंग चकचकीत असतो. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात पाना दिला नव्हता, पेचकसची मूठ दिली होती. गाडीखाली झोपायचं आणि मुठीनं पत्रा ठोकत जायचं. टणटण वाजला तर पुढे. भद् असा मेल्यासारखा आवाज आला की खडूनं गोल करायचा. संध्याकाळी उस्ताद खाली वाकून गोल मोजायचे आणि एखादा सुटला असेल तर बोट दाखवायचे, बोलायचे नाहीत. कितीतरी गाड्यांना पासिंगच्या आधी खालून डांबराचा जाड हात मारला जातो. काळं, ताजं, एकसारखं दिसतं. खाली पत्रा आहे की नुसतं डांबरच आहे, हे बघायला साहेबांना गाडीखाली झोपावं लागेल, आणि त्यांच्या मागे रांग असते.

आता मास्तरांची गाडी. निवृत्त शिक्षक, १९८६ ची पांढरी पद्मिनी, पहिल्यापासून त्यांचीच. गाडी पुसायला वेगळं धोतर ठेवणारा माणूस. २०११ साली तिचं तिसऱ्यांदा पाच वर्षांचं पासिंग होतं. मी ब्रेकचं काम मनापासून केलं होतं, हे आधी सांगतो. चारही ड्रम उतरवले, लायनिंग नवी, व्हील सिलेंडरची किट नवी, ऑइल नवं. शेजारच्या पोराला पेडलवर बसवून चारही चाकांची हवा काढली, 'दाब, धर, सोड' असं अर्धा तास. पेडल दगडासारखं लागलं. पासिंगला साहेब म्हणाले, नव्या गाडीलाही असा ब्रेक नसतो. मास्तरांनी मला पेढे दिले.

तीन आठवड्यांनी मास्तरांचा फोन आला, खोपोलीहून. पुण्याहून जुन्या रस्त्यानं घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून जळका वास आला, मग पेडल मऊ झालं, मग पार तळाला गेलं. माणूस धीराचा. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूला घासत गाडी थांबवली. वहिनी शेजारी बसल्या होत्या. फोनवर ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाच वर्षांचं पासिंग आणि तीन आठवड्यांचा ब्रेक, हे गणित मला समजावून सांगा."

मी दुपारच्या लोकलनं गेलो. चाक अजून कोमट होतं. ड्रम निळा पडलेला. लायनिंग ठीक, सिलेंडर ठीक. मग ब्रेकचा होज सोडला, चाकापाशी लोखंडी पाइपला जोडणारी रबरी नळी असते ती. बाहेरून एक चीर नाही. तोंडात धरून फुंकली तर हवा जात नव्हती. जोर लावला तेव्हा एकदम सुटली, आणि लगेच पुन्हा बंद. ब्लेडनं उभी कापली. आतलं रबर सुजून भोक सुईएवढं उरलं होतं. पाय दाबला की दाबानं ऑइल पुढे जायचं, पाय काढला की परत यायचं नाही. शू ड्रमला चिकटलेलाच. शहरात सिग्नलवर हे कळत नाही, गाडी जरा जड वाटते इतकंच. घाटात ते चाक तापलं, ऑइल उकळलं, ऑइलची वाफ झाली, आणि वाफेवर पेडल दाबून गाडी थांबत नाही.

होज मी बदलला नव्हता. का, तर तो चांगला दिसत होता. साहेबांनीही बघितला होता. त्यांनाही चांगलाच दिसला.

या मॉडेलबद्दल मला विचारतात की पद्मिनी भरवशाची आहे का. लोखंडाच्या बाबतीत मी डोळे मिटून हो म्हणतो. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे हे सगळं सांगून बिघडतं, आधी आवाज करतं, मग दगा देतं. रबर सांगत नाही. शिवाय गाडीचं उत्पादन बंद झालं त्याला पंचवीस वर्षं होत आली. बाजारात जे 'नवीन' रबर मिळतं ते एक तर डुप्लिकेट, नाहीतर कुणाच्या गोदामात वीस वर्षं पडलेलं. पुडी नवी, माल म्हातारा. आणि तपासणीच्या फॉर्मवर रबरासाठी रकाना नाही.

एका गिऱ्हाइकाचा मुलगा लंडनला असतो. तिकडच्या तपासणीला एमओटी म्हणतात, गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी. त्यानं मला त्याच्या गाडीचा कागद दाखवला. गाडी पास होती, तरी खाली लिहिलं होतं की अमुक टायर झिजत आलाय, तमुक पाइपवर गंज आहे, लक्ष ठेवा. आणि हा इतिहास गाडीच्या नंबरवरून कुणालाही बघता येतो. गंमत म्हणजे तिथे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूटच आहे. मला ती सूट काही पटली नाही. कागद मात्र पटला. तेव्हापासून मी दोनशे पानी वही ठेवतो. गाडी पास होऊन आली की तिच्या नावावर, जे पास झालं पण मला पटलं नाही ते लिहितो. किंगपिनला किंचित खेळ. डाव्या दाराखाली दोन गोल. होज, कधी बसवला.

यापुढे रस्त्यांवर पद्मिनी कमीच दिसणार. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. उरल्या त्या मास्तरांसारख्यांच्या. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये केंद्रानं ६०० वरून ५००० केली, तरी माझ्याकडे येणारे लोक फीबद्दल कुरकुरत नाहीत. होजबद्दल कुरकुरतात. "चांगला दिसतोय की, कशाला बदलता?"

तुमच्या दारात पद्मिनी असेल तर तिच्या ब्रेकला तीन होज आहेत, दोन पुढच्या चाकांना आणि एक मागे ॲक्सलवर. कधी बसवले ते आठवत नसेल तर तिन्ही बदला. पासिंग कालच झालं असलं तरी.