कायदा थांबतो तिथून पुढे

वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांतली बंडं, वेढे आणि घोडदौडी यांचं कौतुक पुष्कळ झालं. मला मात्र त्या पानांआड एडिंबराच्या कोर्टातला वकील दिसत राहतो. वकील वडिलांच्या कचेरीत उमेदवारी करताना तो दस्तऐवजांच्या नकला उतरवायचा आणि पानामागे मिळणाऱ्या पैशांतून पुस्तकं घ्यायचा. 1792 मध्ये सनद मिळाली. पुढे 1806 पासून तो स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीशांसमोर बसून निकालांचे मसुदे करू लागला. कोर्टातल्या माणसाने कादंबऱ्या लिहिणं शोभेल का, या विचाराने 1814 साली ‘वेव्हर्ली’ त्याने निनावीच छापली.

या वकिलाची खरी ओळख मला पटली ती 1818 च्या ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’मध्ये. कादंबरीतल्या काळचा कायदा असा, की बाईने गरोदरपण लपवलं, बाळंतपणात कुणाला बोलावलं नाही आणि मूल हाती लागलं नाही, तर खून तिनेच केला असं धरायचं. एफी डीन्स त्यात सापडते. ‘तिने मला सांगितलं होतं,’ एवढं बहीण जीनी साक्षीत बोलली की एफी सुटणार. जीनी खोटं बोलत नाही. एफीला फाशीची शिक्षा होते, आणि हीच जीनी माफी मागायला लंडनची वाट पायी धरते. मुळात हे केलं होतं हेलन वॉकर नावाच्या एका गरीब बाईने. पुढे स्कॉटने तिच्या थडग्यावर शिळा बसवली.

1826 मध्ये प्रकाशक बुडाले आणि स्कॉटच्या डोक्यावर सव्वा लाख पौंडांच्या आसपास कर्ज आलं. दिवाळं काढून मोकळं होण्याची वाट कायद्यात होती आणि ती त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? पण त्याने लेखणीची पुढची कमाई सावकारांच्या नावे लावून दिली. त्याच वर्षी मे महिन्यात पत्नी गेली, तरी लेखणी थांबली नाही. 1832 मध्ये तो गेल्यावर उरलेलं देणं पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं.

त्या अतिश्रमांनी त्याची प्रकृती ढासळली आणि शेवटच्या कादंबऱ्यांत थकवा जाणवतो. तरी मला त्याचा निर्णय वेडेपणाचा वाटत नाही. कमीत कमी किती केलं की आपण सुटतो, ते कायदा सांगतो. स्कॉट आणि जीनी त्या हिशेबावर थांबले नाहीत. वकिली शिकणाऱ्या मुलांनी कलमांसोबत ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’ही वाचावी, असं मला मनापासून वाटतं.