पाचव्या मात्रेचा डावा पाय

तीनतालाचा तत्कार ऐकायला सोपा: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पाय पडतात उजवा, डावा, उजवा, डावा आणि पाचव्या मात्रेला पुन्हा डावाच. सात-आठ वर्षांच्या मुली नेमक्या इथे अडखळतात. यवतमाळ असो, पुसद असो की वणी, कथकच्या वर्गात सुरुवातीचे कितीतरी दिवस या एका डाव्या पायावर खर्च होतात. न्यायला आलेल्या आईला वाटतं, नाच अजून सुरू कसा झाला नाही? तो झालेला असतो.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. 1931 मध्ये ते गेल्यावर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. गाणं-वाजवणं आणि नृत्य यांच्या मंडळाच्या परीक्षा आज गावोगावी होतात. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद, प्रत्येकी दोन टप्प्यांत; विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा. त्यापुढे अलंकार. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या मुलीला पुण्यातल्या मुलीचाच अभ्यासक्रम मिळतो, ही या व्यवस्थेची मोठी देणगी आहे.

खरी चढण मध्यमाच्या आसपास लागते. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, आतापर्यंत पाठांतरावर निभावलेली असते. आता हाताने टाळी-खाली धरून, लय न हलवता तोडा म्हणायचा आणि मगच तो पायात घ्यायचा. तिहाईचा हिशोब स्वतः मांडायचा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घेतला की पंधरा मात्रा होतात; तीनतालात तिसऱ्या मात्रेवरून उचलला तर शेवटचा ठोका बरोबर समेवर येतो. हे एकदा आपल्या बोटांवर मोजून काढलं की मुलगी गुरूच्या चेहऱ्याकडे बघत नाचायचं थांबते. त्या वयात याहून मोठी मिळकत दुसरी नाही. चक्करांची संख्या नंतर वाढवता येते. तबलजी रोज मिळत नाही, मोबाइलवरच्या लेहऱ्यावर, म्हणजे ताल दाखवत फिरणाऱ्या धुनेवर, काम भागवावं लागतं; तिथे तर हा आतला हिशोबच मुलीला सावरतो.

बॅलेमध्येही पायऱ्या अशाच. लंडनच्या 1920 साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या श्रेणी जगभरची मुलं देतात. पण बोटांच्या टोकावर उभं करणारे पॉइंट शूज साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी देत नाहीत. घोटे आणि पाऊल तयार झालं की नाही, ते आधी शिक्षक बघतात. आपल्याकडे घुंगरांच्या बाबतीत हाच धीर हवा. कोवळ्या घोट्यावर शंभर घुंगरांचं ओझं घाईने चढवू नये, आणि तत्कार स्पष्ट वाजण्याआधी तर नाहीच. घुंगरांच्या आवाजात चुकलेला ठोका लपतो.

शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांची घाई वाढली आहे. गुणांमुळे अनेक मुली नृत्यात टिकल्या, हेही तितकंच खरं. मात्र नववीत दोन पायऱ्या एकदम चढवायच्या आणि दहावीत वर्ग साफ बंद करायचा, हे शरीराला मानवत नाही. त्या वर्षी परीक्षा नको, नवे तोडे नकोत. घरच्या घरी पंधरा-वीस मिनिटं तत्कार, ठाय, दुगुन, चौगुन, आणि थोडी पढंत एवढं चालू ठेवावं. अकरावीत ती परत येते तेव्हा पाय थोडे जड झालेले असतात, पण लय हातात असते आणि विशारदचा अभ्यास तिथूनच पुढे नेता येतो.